थीम पार्कचे तिकीट काढण्याआधी : लहान मुले असलेल्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

थीम पार्कला पहिल्यांदाच निघालेले पालक बहुधा सवलतीच्या शोधापासून सुरुवात करतात. कौटुंबिक तिकीट, आगाऊ नोंदणीची सूट, बँकेच्या कार्डावरची सूट, एका तिकिटावर एक मूल मोफत अशा प्रस्तावांची संख्या इतकी मोठी असते की, त्यांची तुलना करण्यातच संध्याकाळ निघून जाते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. आपल्या घरातील सर्वांत लहान माणसाला त्या पार्कमध्ये नेमके काय काय करता येणार आहे, हा तो मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर आधी मिळवले, तर कोणती सवलत आपल्या उपयोगाची आणि कोणती केवळ दिखाऊ, हे ठरवायला फारसा वेळ लागत नाही. म्हणून या लेखातली पहिली पायरी मुलाची उंची मोजण्याची आहे. सवलती नंतर येतात.

हा क्रम का घ्यावा, हे समजण्यासाठी तिकिटांची रचना कशी बदलत गेली ते थोडक्यात पाहायला हवे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झाले, तेव्हा प्रवेशाचे शुल्क वेगळे आणि प्रत्येक राइडचे पैसे वेगळे, अशी पद्धत होती. पुढे राइडच्या आकर्षणानुसार ए, बी, सी अशा प्रतींच्या कुपनांची पुस्तिका मिळू लागली आणि १९५९ मध्ये सर्वांत मोठ्या राइडसाठी ई ही प्रत आली. लहान मुलांच्या घोड्यांच्या चक्राला सर्वांत स्वस्त कुपन लागे. ही पुस्तिका १९८२ मध्ये बंद झाली आणि एकच तिकीट काढून दिवसभर सर्व राइड, ही पद्धत तिथे रूढ झाली. आज जगातल्या बहुतेक मोठ्या पार्कमध्ये हीच पद्धत आहे. तिची सोय निर्विवाद आहे, परंतु तिचा एक परिणाम लहान मुलांच्या पालकांनी लक्षात घ्यायला हवा. चार वर्षांच्या मुलाच्या तिकिटात ज्या राइडवर त्याला पायही ठेवता येणार नाही, त्या राइडचीही किंमत धरलेली असते, आणि मुलांच्या तिकिटावरची सूट ती किंमत भरून काढेलच असे नाही.

मुलाची उंची मोजून घ्या

घरी सपाट भिंतीला टाच, पाठ आणि डोके टेकवून मुलाला अनवाणी उभे करावे, डोक्यावर एखादे जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आडवे धरावे आणि भिंतीवर खूण करून सेंटीमीटरमध्ये माप घ्यावे. दिवसभरात पाठीचा कणा किंचित दबत असल्याने संध्याकाळची उंची सकाळपेक्षा थोडी कमी भरते. म्हणून मोजणी दुपारनंतर करावी, म्हणजे हाती येणारा आकडा सावध असेल. इंचांत लिहिलेल्या अटी सेंटीमीटरमध्ये करताना २.५४ ने गुणावे. ४० इंच म्हणजे सुमारे १०२ सेंटीमीटर, ४४ इंच म्हणजे सुमारे ११२ आणि ४८ इंच म्हणजे सुमारे १२२ सेंटीमीटर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार तीन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची ९५ ते ९६ सेंटीमीटर, चार वर्षांची सुमारे १०३ आणि पाच वर्षांची सुमारे ११० सेंटीमीटर असते. त्यानंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सात सेंटीमीटर वाढते. हे आकडे पार्कच्या राइडच्या यादीशेजारी ठेवून पाहावेत. पहिल्या मोठ्या राइडची अट पुष्कळ ठिकाणी १०० ते ११० सेंटीमीटरच्या दरम्यान असते, त्याहून जोरकस राइडची १२० च्या आसपास आणि सर्वांत वेगवान राइडची १३० किंवा १४०. एकाच नावाच्या राइडची अटही दोन ठिकाणी वेगळी असू शकते. डिस्नेच्या स्पेस माउंटन या राइडसाठी कॅलिफोर्नियात १०२ सेंटीमीटर पुरतात, फ्लोरिडात मात्र ११२ लागतात. जर्मनीतील युरोपा-पार्कच्या सिल्व्हर स्टारसारख्या राइडला १४० सेंटीमीटर उंचीबरोबर किमान ११ वर्षे वयही लागते. म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबता त्या त्या पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावरची यादी पाहावी.

आता कागदावर दोन रकाने करावेत. एका रकान्यात आपल्या मुलाला आजच्या उंचीत चालणाऱ्या राइड लिहाव्यात, दुसऱ्यात न चालणाऱ्या. पहिल्या रकान्यात मोठ्या माणसासोबत बसण्याची परवानगी आणि एकट्याने बसण्याची परवानगी यांतला फरकही नोंदवावा, कारण दोन लहान मुले आणि एकच मोठा माणूस अशी वेळ आली, तर या फरकामुळे दोघांनाही बाहेर थांबावे लागते. दुसरा रकाना लांब भरला आणि मूल पुढच्या अटीपासून दोन-तीन सेंटीमीटरच दूर असेल, तर भेट पाच-सहा महिने पुढे ढकलण्याइतकी मोठी सवलत कोणताही पार्क देत नाही. याउलट मूल दोन वर्षांचे असेल आणि त्याला अजून बराच काळ केवळ चक्रे, छोट्या होड्या, मिरवणूक आणि पात्रांच्या भेटी यांतच आनंद मिळणार असेल, तर लगेच जाण्यात काहीच गैर नाही, कारण त्याचा प्रवेश बहुधा मोफत असतो.

राइडच्या तोंडाशी मोजपट्टीचा खांब असतो आणि त्याला ठरावीक उंचीवर आडवी दांडी असते. कर्मचारी मुलाला तिच्याखाली उभे करतो. मूल टाचा उचलते, तेव्हा कर्मचारी त्याच्या खांद्यावर हलकेच हात ठेवून त्याला सरळ उभे राहायला सांगतो, आणि डोक्याच्या वर दोन बोटे जागा उरली तर चाळीस मिनिटे रांगेत उभे राहिलेल्या मुलालाही परत पाठवले जाते. तिथे वाद घालू नये. बुटात जाड तळवे घालून उंची वाढवण्याचा सल्ला काही जण देतात, पण तो कधीही पाळू नये. उंचीची अट आसनाच्या अडसराच्या, म्हणजे माणसाला आसनात धरून ठेवणाऱ्या दांडीच्या किंवा पट्ट्याच्या, मापावरून ठरलेली असते, आणि लहान शरीर त्या अडसरातून निसटू शकते. रांगेच्या सुरुवातीलाही मोजपट्टी असते. तिथेच मोजून घेतले, तर मुलाची निराशा रांगेच्या शेवटी होत नाही.

वयाच्या मर्यादा पार्कनुसार बदलतात

मोफत प्रवेश, मुलांचे तिकीट आणि प्रौढांचे तिकीट यांच्या सीमारेषा सर्वत्र सारख्या नसतात, आणि नवख्या कुटुंबांचे अंदाजपत्रक बहुधा इथेच कोसळते. अमेरिकेतील डिस्नेच्या दोन्ही ठिकाणी, म्हणजे कॅलिफोर्नियात आणि फ्लोरिडात, तीन वर्षांखालील मुले मोफत असतात, तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना मुलांचे तिकीट लागते आणि दहा वर्षे पूर्ण झाल्यापासून प्रौढांचे. पॅरिसच्या डिस्नेलँडमध्ये मुलांचे तिकीट तीन ते अकरा वर्षांपर्यंत चालते. टोकियोतील डिस्नेच्या पार्कमध्ये तीन वर्षांपर्यंतची मुले मोफत, चार ते अकरा वर्षांची मुलांच्या दरात आणि बारा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी मधला वेगळा दर अशी रचना आहे. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये मुलांचे तिकीट चार ते बारा वर्षांसाठी आहे. म्हणजे साडेतीन वर्षांचे मूल टोकियोत मोफत जाते आणि पॅरिसमध्ये त्याचे तिकीट काढावे लागते. अकरा वर्षांचे मूल फ्लोरिडात प्रौढ ठरते आणि पॅरिसमध्ये मूल.

काही पार्क वयाऐवजी उंचीवर दर आकारतात. भारतातील अनेक पार्कमध्ये ही पद्धत आहे, आणि ब्रिटनमधील ऑल्टन टॉवर्समध्ये ९० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीची मुले मोफत आत जातात. ज्यांचे मूल वयाच्या मानाने उंच आहे, त्यांना अशा ठिकाणी लवकर पैसे मोजावे लागतात. त्याचा मोबदला म्हणून ते मूल मोठ्या राइडवरही लवकर पोहोचते. मला ही पद्धत वयाच्या पद्धतीपेक्षा अधिक न्याय्य वाटते, कारण तिकीट आणि राइडची पात्रता यांचे माप त्यात एकच असते.

मुलांच्या तिकिटात किती सूट आहे, हेही प्रत्यक्ष पाहावे. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मुलांचे आणि प्रौढांचे तिकीट यांतला फरक अगदी थोडा असतो, तर टोकियोत मुलांचे तिकीट प्रौढांच्या निम्म्याहून थोडे अधिक असते. नेदरलँड्समधील एफ्टेलिंगमध्ये चार वर्षांपासून पुढे सर्वांना एकच दर आहे. मुलांचे तिकीट असे लिहिलेले दिसले की ते स्वस्तच असणार, असे गृहीत धरू नये.

आणखी दोन गोष्टी नीट वाचाव्यात. मर्यादेत तिचे शेवटचे वर्ष धरले आहे की वगळले आहे, ही पहिली. वय कोणत्या दिवशीचे धरणार, ही दुसरी. साधारणपणे भेटीच्या दिवसाचे वय धरले जाते, तिकीट काढल्याच्या दिवसाचे नव्हे. सहा महिने आधी नोंदणी करताना मूल नऊ वर्षांचे असेल आणि भेटीआधी त्याला दहा वर्षे पूर्ण होणार असतील, तर तिकीट दहा वर्षांचेच काढावे. उलट मुलाचा तिसरा किंवा चौथा वाढदिवस जवळ आला असेल आणि त्या पार्कची मोफत प्रवेशाची मर्यादा तिथेच संपत असेल, तर वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात जाणे, हा कोणत्याही कुपनाशिवाय मिळणारा घसघशीत लाभ असतो. काही पार्क वाढदिवसाच्याच दिवशी मुलाला मोफत प्रवेश देतात. युरोपा-पार्क बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना असा प्रवेश देते. अशा वेळी जन्मतारखेचा पुरावा सोबत लागतो.

दिवसाची निवड

पूर्वी तिकिटाचा दर वर्षभर एकच असे. आता बहुतेक मोठ्या पार्कमध्ये तो तारखेनुसार बदलतो. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडने २०१६ मध्ये गर्दीनुसार तीन दर लावले, फ्लोरिडात २०१८ मध्ये तारीखनिहाय दर आले, जपानमधील युनिव्हर्सलने २०१९ मध्ये आणि टोकियो डिस्नेने २०२१ मध्ये हीच वाट धरली. शाळेच्या सुट्ट्या, शनिवार-रविवार आणि सण यांचे दर चढे असतात. शाळा भरलेल्या आठवड्यातील मंगळवार-बुधवारचे दर पुष्कळदा खाली असतात. शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या पालकांना इथे अशी मोकळीक आहे, जी पुढे बरीच वर्षे मिळणार नाही. तिचा उपयोग करावा.

स्वस्त दिवसाचा दुसरा लाभ दरापेक्षाही मोठा आहे. मोठी माणसे एका राइडसाठी तासभर उभी राहू शकतात, तीन वर्षांचे मूल राहू शकत नाही. गर्दीच्या दिवशी असे मूल दुपारच्या झोपेआधी फार तर तीन-चार राइड घेते आणि उरलेला दिवस कडेवर काढते. शांत दिवशी तेच मूल एकाच छोट्या गाडीत पुन्हा पुन्हा बसू शकते, आणि या वयात त्याला हवे असते तेही हेच. तिकिटाची किंमत मुलाने प्रत्यक्ष घेतलेल्या राइडच्या संख्येने भागून पाहिली, तर शांत दिवसाचे पारडे जवळजवळ नेहमीच जड भरते.

मात्र स्वस्त तारीख निवडण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. त्या दिवशी पार्क किती वाजता बंद होतो, कोणत्या राइड दुरुस्तीसाठी बंद आहेत आणि मिरवणूक किंवा रात्रीचा कार्यक्रम आहे की नाही. गर्दी नसलेल्या हंगामातच पार्क मोठ्या दुरुस्त्या काढतात. आपल्या पहिल्या रकान्यातल्या दोन राइड बंद असतील, तर त्या दिवसाची स्वस्ताई फारशी उरत नाही.

सवलतींचा हिशेब मांडा

आता सवलतींकडे वळू. तुलना सोपी व्हावी म्हणून तिकीटखिडकीवरचे प्रौढांचे तिकीट १०० एकक आणि मुलांचे ८० एकक मानू. आई, वडील, चार वर्षांचे मूल आणि एक वर्षाचे बाळ असे कुटुंब धरू. खिडकीवर त्यांचा खर्च १००, १०० आणि ८० मिळून २८० होतो, बाळ मोफत. त्याच फलकावर दोन प्रौढ आणि दोन मुले यांचे कौटुंबिक तिकीट ३३० ला आहे. चार तिकिटांच्या ३६० शी तुलना करून ३० ची बचत म्हणून ते दाखवले जाते, पण या कुटुंबाला ते घेतल्यास ५० चे नुकसान होते, कारण मोफत जाणाऱ्या बाळाचेही पैसे त्यात भरले जातात. कौटुंबिक तिकीट हे दोन्ही मुले पैसे भरण्याच्या वयाची झाल्यावरच विचारात घ्यावे, ही साधी गोष्ट गडबडीत हमखास निसटते.

याच कुटुंबासमोर आणखी दोन मार्ग आहेत, असे समजू. एका पूर्ण दराच्या प्रौढ तिकिटावर एक मूल मोफत असा प्रस्ताव घेतला, तर खर्च २०० होतो. शांत बुधवारचे आगाऊ तिकीट प्रौढांना ७५ आणि मुलाला ६० पडत असेल, तर खर्च २१० होतो. कागदावर पहिला मार्ग स्वस्त आहे. मी मात्र दुसरा घेईन. दहा एककांच्या फरकात गर्दीचा दिवस टळतो, आणि मूल मोफत नेण्याच्या अशा प्रस्तावाबरोबर बहुधा ठरावीक तारखा, ठरावीक विक्रीकेंद्र किंवा दुसरी कोणतीही सूट न जोडण्याची अट येते. हेच कुटुंब तीन वर्षांनी दोन्ही मुलांचे पैसे भरू लागेल, तेव्हा चित्र उलटेल. दोन्ही मुले मोफत धरून खर्च २०० च राहील आणि आगाऊ तिकिटांचा खर्च २७० वर जाईल. तेव्हा तो प्रस्ताव घेणे शहाणपणाचे ठरेल. सांगायचे ते इतकेच की, चांगली सवलत किंवा वाईट सवलत असे काही सरसकट नसते, घराची रचना पाहून ती ठरते, आणि प्रत्येक वेळी हिशेब आपल्याच माणसांचा मांडावा लागतो.

काही सवलती मागितल्याशिवाय मिळत नाहीत. त्या प्रदेशातील रहिवाशांसाठीचा दर, विद्यार्थ्यांचा आणि ज्येष्ठांचा दर, नोकरीच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना मिळणारी तिकिटे आणि ठरावीक संख्येपुढच्या गटाचा दर या त्यांपैकी काही होत. आजी-आजोबा सोबत येणार असतील, तर ज्येष्ठांची वयोमर्यादा आवर्जून पाहावी. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये ती ६० वर्षांपासून आहे आणि तिथला ज्येष्ठांचा दर नेहमीच्या दराच्या अगदी थोड्या अंशावर येतो. दोन-तीन कुटुंबे एकत्र जात असतील, तर गटाच्या दराची किमान संख्या पूर्ण होते का ते विचारावे, आणि त्या संख्येत मोफत जाणारी बाळे धरतात की नाही, हेही विचारावे. घरात अपंगत्व असलेली व्यक्ती असेल, तर तिच्या सोबत्याला मोफत किंवा कमी दरात प्रवेश देण्याची पद्धत युरोपातील अनेक पार्कमध्ये आहे. त्यासाठी कोणते प्रमाणपत्र चालते, हे निघण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

अनेक दिवसांचे तिकीट आणि वार्षिक पास

दिवस वाढवले की दर दिवसाचा खर्च उतरतो, हे खरे आहे. एका दिवसाचे तिकीट १०० ला आणि दोन दिवसांचे १५० ला असेल, तर दिवस ७५ ला पडतो. लहान मुलांच्या बाबतीत यात एक खरा फायदा आहे. सकाळी लवकर जाऊन दुपारी झोपेसाठी परतायचे आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा जायचे, असे दोन अर्धे दिवस मुलाला एका पूर्ण दिवसापेक्षा कितीतरी अधिक सोसतात. पण दुसऱ्या दिवशी मूल तापाने फणफणले, तर वरचे ५० वाया जातात. दोन दिवस सलग वापरण्याची सक्ती नसेल आणि मध्ये एखादा दिवस मोकळा ठेवता येत असेल, तरच मी हे तिकीट सुचवेन.

वार्षिक पासचा हिशेब वेगळा आहे. पासची किंमत भागिले एका दिवसाचे आपल्याला खरोखर पडणारे तिकीट, असा भागाकार करावा. खिडकीवरचा चढा दर छेदस्थानी धरला, तर पास उगाचच स्वस्त दिसतो; आगाऊ तिकीट ७५ ला मिळत असेल, तर २२५ चा पास तीन भेटींत वसूल होतो, सव्वादोन भेटींत नाही. मग ज्या तारखांना पास चालत नाही, त्यांची यादी आपल्या सुट्ट्यांशी ताडून पाहावी. मासिक हप्त्यांवर मिळणारा पास मुदत संपल्यावर आपोआप पुढे चालू राहतो का, हेही पाहावे. मोफत जाणाऱ्या वयाच्या मुलासाठी पास काढण्याचे कारण नसते, तरी सर्व कुटुंबाचे पास एकदम काढण्याच्या भरात तो काढला जातो. मुलाची मोफत मर्यादा पाच-सात महिन्यांनी संपणार असेल, तर त्याचा पास त्या वेळी वेगळा काढावा. काही पार्क शाळापूर्व वयाच्या मुलांना मोफत हंगामी पास देतात. फ्लोरिडातील सीवर्ल्डने तिथल्या रहिवाशांच्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असे कार्ड काढले होते. अशा पासची नोंदणी बहुधा वर्षाच्या सुरुवातीला थोडे दिवसच खुली असते.

वरखर्च आणि जलद रांगेचे तिकीट

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण पार्कच्या फाटकातून आत गेल्यावर खरी होते. वाहनतळ, लॉकर, भाड्याची बाबागाडी, राइडवर काढलेली छायाचित्रे आणि खाणेपिणे हे सर्व तिकिटाबाहेर असते. घरची घडीची बाबागाडी नेली, तर भाडे वाचते आणि मूल तिच्यात झोपूही शकते. बाहेरचे खाद्यपदार्थ न चालणाऱ्या पार्कमध्येही बाळाचे अन्न आणि दूध यांना सामान्यतः सूट असते; ती लेखी नियमांत शोधून ठेवावी. हॉटेल आणि तिकीट एकत्र देणाऱ्या योजनेची किंमत कधीही एकगठ्ठा स्वीकारू नये. त्याच हॉटेलचा त्याच तारखेचा वेगळा दर आणि तिकिटांचा वेगळा दर यांची बेरीज करून ती योजनेशेजारी ठेवावी.

रांगेतून लवकर पुढे नेणारे सशुल्क तिकीट लहान मुलांच्या कुटुंबांनी शक्यतो घेऊ नये. डिस्नेच्या अमेरिकी पार्कमध्ये १९९९ पासून अशी सोय मोफत होती. २०२१ पासून तिच्या जागी पैसे आकारणारी पद्धत आली. या सोयीचा खरा उपयोग मोठ्या, वेगवान राइडवर होतो, आणि त्या राइड आपल्या दुसऱ्या रकान्यात आहेत. त्याऐवजी एक सोय मोफत मिळते आणि नवख्यांना ती सहसा ठाऊक नसते. एक पालक राइड घेतो, दुसरा मुलाजवळ थांबतो आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता दुसरा पालक आत जातो. डिस्नेमध्ये तिला रायडर स्विच आणि युनिव्हर्सलमध्ये चाइल्ड स्वॅप म्हणतात. इतर अनेक पार्कमध्येही ती वेगवेगळ्या नावांनी असते. रांगेत शिरण्याआधीच राइडच्या तोंडाशी उभ्या कर्मचाऱ्याला मुलासह भेटून तसे सांगावे. सोबत मोठे भावंड असेल, तर पुष्कळ ठिकाणी त्याला दोन्ही पालकांबरोबर दोनदा बसता येते.

खरेदी आणि प्रवेशाचा दिवस

तिकीट पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा पार्कने स्वतः नाव दिलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे. अनेक दिवसांच्या तिकिटातले उरलेले दिवस स्वस्तात विकणाऱ्यांकडून तिकीट कधीही घेऊ नये. अशी तिकिटे सामान्यतः पहिल्या व्यक्तीच्या नावाशी, छायाचित्राशी किंवा बोटाच्या ठशाशी जोडलेली असतात आणि फाटकावर नाकारली जातात. पैसे भरण्याआधी कर आणि नोंदणीशुल्क धरून शेवटची रक्कम पाहावी, कारण तुलना त्याच रकमेची करायची असते. तारीख बदलता येते का, किती दिवस आधीपर्यंत आणि नव्या तारखेच्या दरातला फरक भरून की विनाशुल्क, हे वाचावे. लहान मुले आयत्या वेळी आजारी पडतात, त्यामुळे तारीख बदलता येणारे तिकीट पाच-दहा एककांनी महाग असले तरी मी तेच घ्यायला सांगेन. ज्या पार्कमध्ये तारखेची आगाऊ नोंद लागते, तिथे मोफत जाणाऱ्या बाळाचीही नोंद मागतात का, ते तपासावे.

निघताना मुलांच्या वयाचा पुरावा, तिकिटांची छापील किंवा मोबाइलमध्ये जतन केलेली प्रत आणि सवलतीसाठी लागणारी ओळखपत्रे एकाच पाकिटात ठेवावीत. फाटक उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचावे. पहिल्या दीड-दोन तासांत लहान मुलांच्या राइडच्या रांगा सर्वांत तोकड्या असतात. आत गेल्यावर प्रथम अतिथी कक्ष आणि बाळांच्या देखभालीची खोली कुठे आहे ते पाहून घ्यावे. वादळामुळे किंवा बिघाडामुळे राइड दीर्घकाळ बंद राहिल्या, तर काही पार्क परतभेटीचे तिकीट देतात. ते त्याच दिवशी अतिथी कक्षात जाऊन मागावे लागते.

दिवस चांगला गेला आणि वर्षभरात पुन्हा यावेसे वाटले, तर दिवसाच्या तिकिटाची रक्कम वजा करून वार्षिक पास देण्याची सोय अनेक पार्कमध्ये असते. तिची मुदत बहुधा त्याच दिवसापुरती असते, म्हणून ही चौकशी दुपारी मूल झोपलेले असताना करून घ्यावी आणि बाहेर पडण्याआधी निर्णय घ्यावा.